उंच गाडी, मागची सीट आणि पाच वर्षांचा विमा

ड्युअल-स्पोर्ट या शब्दाला मराठीत काय म्हणायचं हे मला अजून सापडलेलं नाही. सिहोऱ्यात मात्र हा प्रश्न दोन दिवसांत सुटला. तिथे तिला सरळ 'उंच गाडी' म्हणतात. आता आमच्या घराचा पत्तासुद्धा 'तो उंच गाडीवाला पोरगा' असाच सांगितला जातो. बाबांनी तीस वर्षं शेती करून कमावलेली ओळख गाडीने एका आठवड्यात पुसली.

गाडी म्हणजे हिरोची एक्सपल्स २००, फोर-व्हॉल्व्हवाली. १९९.६ सीसी, पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची, दोन्ही तारांची, जमिनीपासून २२० मिमी मोकळी जागा आणि सीट ८२५ मिमीवर. आपल्याकडे या प्रकारातली स्वस्त गाडी म्हणजे आधी २०११ साली आलेली हिरोचीच १४९ सीसीची इम्पल्स. ती फार टिकली नाही. मग २०१९ च्या मे महिन्यात एक्सपल्स आली आणि जरा बऱ्यापैकी रुळली. तसं पाहिलं तर खेड्यातली पहिली ड्युअल-स्पोर्ट म्हणजे राजदूत. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, मागे एक माणूस, कॅनच्या मध्ये एक पोरगं, आणि गुडघाभर चिखलातून फटफट करत निघालेली. तिला कोणी अ‍ॅडव्हेंचर म्हणत नसे, एवढाच फरक.

ही गाडी का, तर आमचा रस्ता. सिहोरा तुमसर तालुक्यात, तुमसर-बपेरा रस्त्यावर. पुढे बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश, बालाघाट जिल्हा. एकीकडे चांदपूरचा तलाव, दुसरीकडे वैनगंगेचं खोरं आणि मध्ये धानाच्या बांध्या. मी नोकरीला नागपूरला. दर शनिवारी शंभरेक किलोमीटर डांबरी रस्ता, आणि गावात पोचल्यावर शेतापर्यंत दोन किलोमीटर पांदण. आता शंभर किलोमीटर साध्या गाडीने मजेत होतात. पण पावसाळ्यात त्या दोन किलोमीटरांत रेतीच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या, त्यात पाणी, पाण्याखाली काय आहे ते देवाला ठाऊक. गाडी कोणती घ्यायची ते त्या दोन किलोमीटरांनी ठरवलं. आणि त्या दोन किलोमीटरांत मी एकटा नसतो. मागे बाबा असतात.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. कारण गाडीचं सेटिंग असो की विमा, दोन्हीकडे सगळे गृहीत धरतात की गाडीवर एकच माणूस बसणार आहे.

आधी सेटिंग

शोरूममधून गाडी येते ती कोणासाठीच नीट लावलेली नसते. लिव्हर, हँडल, ब्रेकचं पेडल, सगळं एका काल्पनिक माणसाच्या मापाचं. पहिल्या दिवशी मी क्लच आणि ब्रेकची लिव्हरं थोडी खाली फिरवली. पांदणीवर उभं राहून गाडी चालवायची तर उभ्याने मनगट सरळ राहिलं पाहिजे. पाच मिनिटांचं काम आहे, एक पाना लागतो.

मग सस्पेन्शन. या गाडीला पुढे १९० मिमी आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल आहे. मागच्या मोनोशॉकला प्रीलोडच्या दहा पायऱ्या आहेत. साधा हिशोब असा की माणूस बसल्यावर गाडी एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश खाली बसावी. मागे १७० मिमी आहे, म्हणजे ५५ ते ६० मिमी. मोजायचं कसं? मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलपासून वर शेपटीवरच्या एका ठरावीक बोल्टपर्यंत टेप लावायचा. गाडी उचलून चाक मोकळं असताना एकदा आणि बसल्यावर एकदा. फरक तो आपला सॅग.

आमच्या अंगणात आईने टेप धरला. मी एकटा बसलो तेव्हा ५२ मिमी आलं. झकास! मग बाबांना म्हटलं, बसा. ८२५ मिमीच्या सीटमागे बसायचं म्हणजे पासष्टीच्या माणसाला घोड्यावर चढण्यासारखं. त्यांनी एक मिनिट गाडीकडे पाहिलं, गाडी ओट्याला लावायला सांगितली आणि ओट्यावरून आरामात पाय टाकून बसले. (इंजिनिअर मी आहे.) टेपवर ७८ मिमी. म्हणजे निम्मा शॉक आधीच संपलेला, वर खड्डा आला की गाडी ठोकणार. तीन पायऱ्या कसल्यावर ६४ वर आलं. तेवढं पुरे.

मागचा भाग असा बसला की हेडलाइट वर बघायला लागतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून दोघं बसून, रात्री, शाळेच्या भिंतीवर प्रकाश टाकून तोही खाली घेतला. चेनचंही तेच. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत चाक वर-खाली होताना दोन्ही स्प्रॉकेटांतलं अंतर बदलतं, आणि स्विंगआर्म मधल्या जागी असताना ते सगळ्यात जास्त असतं. स्टँडवर 'छान टाइट' केलेली चेन दोन माणसं बसल्यावर तारेसारखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगला खेचते. तिला कंपनीने सांगितलेला ढिलेपणा द्यायचाच.

टायर ट्यूबवाले आहेत. चिखलात हवा दोन-तीन पीएसआय कमी केली तर पकड सुधारते, पण फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. २१ इंची ट्यूब आमच्याकडच्या पंक्चरवाल्याकडे मिळण्याची आशा धरू नये. एक जवळ बाळगायची. अडचणीत तीच ट्यूब मागच्या १८ इंची चाकातही घालून घरी पोचता येतं. उलटं मात्र जमत नाही. दोन टायर लिव्हर, छोटा पंप, अ‍ॅक्सलचा पाना. बस्स. आणि पहिल्या सर्व्हिसिंगला तारा तपासून घ्यायला सांगायचं, नव्या चाकाच्या तारा बसताना थोड्या ढिल्या पडतात.

एक गोष्ट मात्र मी काढली नाही, मित्रांनी कितीही खेचली तरी. मागच्या चाकाचं साडीगार्ड. गाडी 'रॅली लूक'ची दिसावी म्हणून लोक हे पहिल्याच आठवड्यात काढून फेकतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की दुचाकीला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारं आवरण हवं. नियम राहू द्या, माझी आई नऊवारी नाही तरी पाचवारी नेसते. विषय संपला.

मग विम्याचा कागद

शोरूममध्ये ऑन-रोड किमतीचा जो कागद देतात त्यात विमा ही एकच ओळ असते, 'इन्शुरन्स (५ वर्षं)'. आकडा बघून आपण मान डोलावतो. मी ती ओळ फोडून मागितली. काउंटरवरच्या मुलीने असं बघितलं की हॉटेलात वरणाची रेसिपी विचारली. पण दिली.

आकडे सोपे व्हावेत म्हणून गाडीची एक्स-शोरूम किंमत दीड लाख धरू. नव्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा भंगार झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम, ही पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घसारा धरून काढतात. म्हणजे १,४२,५००. रजिस्ट्रेशन, टॅक्स, विमा यांवर खर्च केलेले पैसे यात नसतात. ते गेले ते गेले.

आपल्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, ज्याला 'ओन डॅमेज' म्हणतात, त्याचे दर २००७ पासून खुले आहेत. पण कंपन्या सूट मोजतात ती अजून जुन्या दरपत्रकावरूनच. त्यात १५० ते ३५० सीसीच्या नव्या दुचाकीला पुणे-मुंबईसारख्या आठ मोठ्या शहरांत आयडीव्हीच्या १.७९३ टक्के आणि उरलेल्या भारतात १.७६० टक्के. माझी गाडी एमएच-३६, म्हणजे भंडारा. पुण्याच्या मित्रापेक्षा माझे सत्तेचाळीस रुपये वाचले. एक पाव समोसे आले त्यात :-) १.७६० टक्क्यांनी होतात २,५०८ रुपये, आणि त्यावर सूट.

आता दुसरा आकडा. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं काही झालं तर त्याची भरपाई. याचे दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीच्या नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा हप्ता ७,३६५ रुपये आहे. (७५ ते १५० सीसीला ३,८५१. जुनी इम्पल्स १४९ सीसीची होती, ती या खालच्या गटात बसली असती.) दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

म्हणजे बघा, विम्याच्या एकूण पैशांतला तीन चतुर्थांश आपल्या गाडीसाठी नाहीच. तो रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे. आणि 'पाच वर्षं' ही फक्त त्याचीच.

हे पाच वर्षांचं आलं कुठून तेही सांगतो. कोइम्बतूरचे हाडांचे सर्जन डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ साली रस्ते अपघातांबद्दल सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली. रोज अपघातातली माणसं जोडणाऱ्या डॉक्टरने केलेली याचिका! त्यातून रस्ता सुरक्षेची समिती नेमली गेली. समितीच्या लक्षात आलं की पहिल्या वर्षीचा विमा शोरूम काढते, पण पुढच्या वर्षी तो भरायला बहुतेक दुचाकीवाले फिरकतच नाहीत. मग जुलै २०१८ मध्ये कोर्टाने आदेश दिला, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढणं सक्तीचं झालं. उत्तम निर्णय. सुरुवातीला ओन डॅमेजही तीन किंवा पाच वर्षांचं एकत्र विकत. ते १ ऑगस्ट २०२० पासून बंद झालं. तेव्हापासून नव्या दुचाकीच्या विम्याचा नेहमीचा साचा 'एक अधिक पाच' आहे. आपल्या गाडीचं एक वर्ष, दुसऱ्याचं पाच वर्षं.

मी हे सगळं रात्री जेवताना घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "पाच वर्षाचा तं आहे म्हणते ना, मंग अजून का राहिलं गा?"

राहिलं ते पुढे.

समोरचा, चालवणारा आणि मागचा

रस्त्यावर अपघात झाला तर माणसं तीन प्रकारची असतात. समोरचा, चालवणारा आणि मागे बसलेला. विम्याच्या कागदात तिघांसाठी तीन वेगळी दारं आहेत.

समोरच्याचं दार पाच वर्षं उघडं. त्याच्याबद्दल वर झालंच.

चालवणाऱ्यासाठी 'पर्सनल अ‍ॅक्सिडेंट' कव्हर असतं, १५ लाखांचं. २०१८ साली ते १५ लाख झालं, आधी दुचाकीला फक्त एक लाख होतं. पण कागदावर शब्द आहे 'ओनर-ड्रायव्हर'. म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे तोच, तो स्वतः चालवत असताना, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच. तुमच्याकडे आधीच निदान १५ लाखांची अपघात पॉलिसी असेल तर हे पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं लिहून द्यायचं. कंपनीकडून मिळणारा ग्रुप विमा असेल तर तो नोकरीबरोबर संपतो, एवढं लक्षात ठेवायचं.

आता शहरात 'ओनर-ड्रायव्हर' हा शब्द ठीक आहे. गावात गाडी कोणा एकाची नसते. किल्ली खिळ्यावर टांगलेली असते. मी रविवारी रात्री बसने नागपूरला परत गेलो (पावसाळ्यात बऱ्याचदा जातो) की आठवडाभर ती गाडी चुलतभाऊ खताचं पोतं आणायला नेतो, शेजारचे काका दवाखान्यात नेतात. त्यांच्यापैकी कोणाचं काही झालं तर माझ्या नावाचे १५ लाख त्यांना मिळणार नाहीत. आणि स्वतः गाडी घसरून पडले तर ते 'तिऱ्हाईत'ही ठरत नाहीत. दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो, असं सुप्रीम कोर्टाने एकापेक्षा जास्त वेळा म्हटलेलं आहे. धाकटा चुलतभाऊ सतरा वर्षांचा आहे. त्याला किल्ली द्यायची नाही हे मी आईला निक्षून सांगितलंय. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात कलम १९९-अ आलं आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द. तो आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

आणि मागचा. इथे मी थांबलो.

आमच्या भागातली गोष्ट आहे, नावं सांगत नाही. एक मुलगा आत्याला डोळे दाखवायला तुमसरला घेऊन गेला होता. परत येताना अंधार पडला आणि रस्त्यावर रानडुक्कर आलं. त्याला खरचटलं, आत्याचं खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, त्यासाठी एकरभर शेत गहाण पडलं. गाडीचं तिसरं वर्ष होतं, विमा पाच वर्षांचा होता, सगळे निश्चिंत. दावा लावल्यावर विमा कंपनीच्या वकिलाने सांगितलं की या पॉलिसीत मागे बसलेली व्यक्ती येत नाही. ती केस अजून चालू आहे. आत्या काठी घेऊन चालते.

वकिलाने हे हवेतून काढलेलं नव्हतं. २००६ साली सुप्रीम कोर्टाने एका स्कूटरच्या प्रकरणात म्हटलं होतं की कायद्याने सक्तीच्या असलेल्या पॉलिसीत, फुकट मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. पुढे २००९ च्या नोव्हेंबरमध्ये विमा नियामकाने परिपत्रक काढून स्पष्ट केलं की पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागे बसलेला माणूस त्यात येतो. म्हणजे एकच गाडी, एकच सीट, तोच खड्डा. मागच्या माणसाला संरक्षण आहे की नाही ते पॉलिसीच्या एका वाक्यावर ठरतं.

ते वाक्य शोधायचं कसं, हे सांगतो. पॉलिसीच्या 'तिऱ्हाईतांची जबाबदारी' या भागात जायचं. इंग्रजीत असतं, पण अवघड नाही. तिथे 'कोणत्याही व्यक्तीचा मृत्यू किंवा इजा' असं लिहून पुढे 'वाहनात असलेल्या व्यक्तींसह' अशा अर्थाचे शब्द असतील तर मागचा आत. त्याऐवजी 'मोटार वाहन कायद्याच्या गरजेपुरते' एवढंच असेल तर वाद घालायला जागा आहे, आणि तो वाद कंपनी घालणार. ऑफिसात आपण दोनशे ओळींच्या लॉगमधून एक एरर शोधतोच की. त्याच सवयीने पीडीएफ उघडायची आणि ती ओळ शोधायची.

माझ्या पॉलिसीत पहिले शब्द होते. पण 'एक अधिक पाच'मध्ये ते दुसऱ्या वर्षापासूनही लागू राहतात का, हे कागदावरून कळेना. मी ईमेल केला. दोन आठवड्यांनी आणि तीन आठवणींनंतर उत्तर आलं, 'हो'. ते छापून पॉलिसीच्या मागे टाचलं. हे उत्तर माझ्या पॉलिसीपुरतं आहे. तुमचं तुम्ही विचारा, आणि लेखी घ्या.

तरीही एवढ्यावर भागत नाही. ही जबाबदारीची भरपाई ट्रिब्युनलमधून येते, चूक कोणाची ते सिद्ध करावं लागतं, वर्षं जातात. रानडुकराची चूक कोण सिद्ध करणार? म्हणून मागच्या माणसाच्या स्वतःच्या नावावर काहीतरी हवं.

शेवटी काय काय केलं

एक, बाबांच्या आणि आईच्या खात्यावर पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय, अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः असेल तर १ लाख. ३१ मेला संपते, १ जूनला खात्यातून पैसे कापून पुढे चालू होते. त्या दिवशी खात्यात २० रुपये हवेत. ऐकायला गंमत वाटते, पण धान विकून झाल्यावर मे महिन्यात रिकामी पडलेली खाती आमच्याकडे कितीतरी आहेत.

दोन, बाबांच्या नावावर सातबारा आहे, तेव्हा राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची माहिती घरच्यांना लिहून ठेवली. वय १० ते ७५, अपघाती मृत्यूला २ लाख. याला हप्ता नाही, पण अर्ज वेळेत कृषी विभागाकडे जावा लागतो, आणि नेमक्या त्या वेळी घरात कोणाला सुचत नाही. म्हणून कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय.

तीन, दोघांची वेगळी अपघात पॉलिसी. यात नुसता मृत्यूच नाही, तर मोडलेल्या हाडाचा आणि अंथरुणात गेलेल्या आठवड्यांचाही विचार असतो. गाडीच्या पॉलिसीत मागे बसणाऱ्यासाठी जो जोडकव्हर मिळतो तो जास्तीत जास्त १ लाखाचा. थोड्या पैशांत मिळतो म्हणून तोही घेतला, पण त्याच्या भरवशावर कोणाला बसवू नये.

चार, झीरो डेप्रिसिएशन. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. या गाडीवर मडगार्ड, साइड पॅनेल, हँडगार्ड, सगळं प्लॅस्टिक. आणि ही गाडी पडणार. पडण्यासाठीच आहे.

पाच, इंजिन संरक्षण. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा शहरात घराघरांत पाणी शिरलं होतं. पुराचं नुकसान साध्या पॉलिसीतही येतं. पण पाण्यात बुडालेली गाडी आपण उत्साहाने चालू करून पाहिली, पाणी सिलिंडरमध्ये गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर 'हे पुराने नाही, तुम्ही केलं' असं म्हणतात. म्हणून कव्हर घेतलं, आणि घरात सांगून ठेवलं की गाडी बुडाली तर स्टार्टरला हात लावायचा नाही, ढकलत आणायची.

काय घेतलं नाही तेही सांगतो. हँडगार्ड, बॅशप्लेट, मागचं कॅरिअर यांची बिलं मी कंपनीला कळवली. पण दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडी जागेवर राहिली आणि फक्त सामान चोरीला गेलं तर काही मिळत नाही. टायर-ट्यूबचंही तसंच. गाडीला दुसरं नुकसान झालं तरच, आणि तेही निम्मं. म्हणून महागडी दिव्यांची जोडी घेतली नाही. सायलेन्सर बदलला नाही. कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि दाव्याच्या वेळी सर्व्हेअर पहिला फोटो अशाच गोष्टीचा काढतो. आणि हो, शर्यत, स्पीड टेस्ट, रिलायबिलिटी ट्रायल, यात गाडी उतरवली तर पॉलिसी त्या दिवसापुरती नाही असं समजायचं. रविवारच्या ऑफ-रोड स्पर्धेत नाव घालणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

सगळं मिळून शोरूमच्या एका ओळीपेक्षा जास्त पैसे लागले. दोन चांगल्या बुटांचे लागतात तेवढे. पुढच्या वर्षी ओन डॅमेज संपायच्या पंधरा दिवस आधीचा अलार्म मोबाइलमध्ये लावलाय. नूतनीकरण नव्वद दिवसांच्या वर लांबलं की नो क्लेम बोनस जातो. आणि एक अलार्म ३१ मेचा, वीस रुपयांचा.

बाबांना हे सगळं समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग मले हेल्मेट काऊन नाही घेतलं?" घेतलं होतं. पिशवीत होतं. त्यांच्या टोपीवरून बसत नाही ही खरी अडचण आहे. सध्या तडजोड अशी की टोपी खिशात, हेल्मेट डोक्यावर, आणि शेत आलं की उलटं.

असो. रोवणी आटोपली की चांदपूरच्या तलावाला चक्कर मारायचा विचार आहे, तिथून टेकडीच्या कडेने एक कच्चा रस्ता आहे तो अजून बघायचाय. कोणाला यायचं असेल तर कळवा. मागची सीट रिकामी आहे, आणि तिचा विमा आहे :-)